ए-लेव्हलला जर्मन घेताय? मग मराठी बाजूला ठेवू नका

इंग्लंडमध्ये जीसीएसई (आपल्या दहावीसारखी परीक्षा) झाल्यावर ए-लेव्हलला (त्यापुढची दोन वर्षं) जर्मन घ्यायचं म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो, अगं पण तुला शिकवणार कोण. प्रश्न बरोबरच आहे, कारण गणित किंवा फिजिक्स अडलं तर आपल्यात कुणीतरी काका-मामा निघतोच, जर्मनला कुणीच निघत नाही. आमच्या वर्गात आम्ही चौघंच होतो, घरी जर्मनचा ज कुणाला येत नव्हता, आणि पहिलं अख्खं वर्ष मी सगळं इंग्रजीतून शिकत होते. म्हणजे वाक्य आधी इंग्रजीत जुळवायचं, मग त्याचं जर्मन करायचं, आणि वहीभर लाल खुणा घेऊन घरी यायचं. दुसऱ्या वर्षी कधीतरी लक्षात आलं की हेच वाक्य मराठीतून सुचलं असतं तर निम्म्या चुका झाल्याच नसत्या. हे मला इयर ट्वेल्व्हच्या, म्हणजे ए-लेव्हलच्या पहिल्या वर्षाच्या, सप्टेंबरमध्ये कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं, म्हणून आता ज्यांची सुरुवात होतेय त्यांच्यासाठी पहिल्यापासून सगळं लिहून काढतेय.

१. आधी तुमचं बोर्ड कुठलं ते विचारा

हे ऐकायला अगदीच साधं वाटतं पण माझ्या ओळखीतल्या एकीने दोन महिने दुसऱ्याच बोर्डाचे पेपर सोडवले होते. एक्यूए, पिअर्सन एडेक्सेल आणि एदुकास ही परीक्षा घेणारी तीन बोर्डं आहेत आणि तिन्हींची पेपरची रचना वेगवेगळी आहे. मी एक्यूए केलं, त्यामुळे खाली जे आकडे देतेय ते एक्यूएचे आहेत.

तीन पेपर असतात. पहिला ऐकणं, वाचणं आणि लिहिणं मिळून अडीच तासांचा, त्याला ५० टक्के. दुसरा पुस्तक आणि सिनेमावर लिहायचा, दोन तासांचा, २० टक्के. तिसरा तोंडी, तयारीची पाच मिनिटं धरून २१ ते २३ मिनिटांचा, त्याला ३० टक्के. एडेक्सेलमध्ये पहिला पेपर ४० टक्के आणि दुसरा ३० टक्के असतो, तोंडीला तिथेही ३० च.

आता यातली एक गोष्ट फार कमी मुलं बघतात. एकूण मार्कांतले साधारण २० टक्के हे जर्मन बोलणाऱ्या देशांचा समाज आणि संस्कृती तुम्हाला किती माहीत आहे यासाठी असतात. म्हणजे भाषा एकदम चोख असली आणि माहिती पोकळ असली तरी वरचा ग्रेड हातातून जातो. जीसीएसईला हे नव्हतं, तिथे माझा कुत्रा आणि माझी सुट्टी यावर भागत होतं, त्यामुळे हा धक्का बऱ्याच जणांना पहिल्या मॉकला, म्हणजे सराव परीक्षेला, बसतो.

२. काय काय जमवून ठेवायचं

- बोर्डाच्या वेबसाईटवरचं स्पेसिफिकेशन, प्रिंट काढून. विषयांची आणि व्याकरणाची पूर्ण यादी त्यात असते, आलं ते खोडत जायचं.
- पास्ट पेपर, त्यांच्या मार्क स्कीम, आणि परीक्षकांचे रिपोर्ट. रिपोर्ट कुणी वाचत नाही पण मुलं दरवर्षी कुठे चुकतात ते परीक्षक त्यात स्वतः लिहितात, यापेक्षा चांगला क्लास नाही.
- दोन वह्या, एक शब्दांची आणि एक विषयांची. एकाच वहीत दोन्ही कोंबू नका.
- डिक्शनरीसाठी लेओ रोजच्या वापराला, आणि शब्द वाक्यात कसा बसतो ते बघायला डूडेन किंवा डीडब्ल्यूडीएस. भाषांतर करणारी ॲप परिच्छेद टाकून वापरायची नाहीत, शिक्षकांना ते लगेच कळतं आणि शिकणंही होत नाही.
- शाळेने निवडलेलं पुस्तक, स्वतःची कॉपी, पेन्सिलने रेघा मारता येतील अशी. शाळेची कॉपी परत द्यावी लागते.
- फोन आणि लॅपटॉपवर जर्मन कीबोर्ड.

शाळेत विषयच नसेल आणि बाहेरून परीक्षा द्यायची असेल तर फोटो आयडी, जीसीएसईच्या निकालावरचा यूसीआय नंबर (परीक्षार्थीचा ओळख क्रमांक) आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे तोंडी परीक्षा घेणारं सेंटर लागतं. इथे भले भले अडकतात. लेखी पेपरला बसू देणारी सेंटरं बरीच सापडतात पण तोंडी घ्यायला जर्मन येणारा माणूस लागतो, म्हणून पुष्कळ सेंटरं भाषेचे विषय घेतच नाहीत. दिवाळीच्या आसपासच फोन करायला लागा, नाताळनंतर धावपळ होते.

३. वाक्य मराठीतून सुचू द्या

हा मुद्दा सगळ्यात मोठा आहे, घाई करू नका.

हे वाक्य घ्या: तो उद्या ट्रेनने बर्लिनला जातो. इंग्रजीत हे पार उलटं होतं, आधी जातो, मग बर्लिनला, मग ट्रेनने, मग उद्या. जर्मनमध्ये ‘दास’ म्हणजे ‘की’ लावून म्हटलं तर होतं, ‘दास एर मॉर्गन मिट डेम त्सूग नाख बेर्लीन फेर्ट’. एकेक शब्द जुळवून बघा, एर म्हणजे तो, मॉर्गन उद्या, मिट डेम त्सूग ट्रेनने, नाख बेर्लीन बर्लिनला, फेर्ट जातो. आपलाच क्रम! आधी केव्हा, मग कसं, मग कुठे, आणि क्रियापद शेवटी. वर्गातली इंग्रज मुलं याच्यासाठी एक सूत्र पाठ करत होती आणि तरी चुकत होती, आणि आपण हे जन्मापासून बोलतोय. तो बर्लिनला गेला आहे, हे ‘दास एर नाख बेर्लीन गेफारेन इस्ट’, गेला आधी आणि आहे नंतर, तेही तसंच.

फक्त एक सांभाळायचं. हे पोटवाक्यात चालतं, मुख्य वाक्यात नाही. मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागेवरच बसतं, सुरुवात कशानेही करा. ‘मॉर्गन फेर्ट एर’, उद्या जातो तो. इथे मराठी मदत करत नाही, इथे सवयच लावावी लागते.

पुढची गंमत ‘मला’ची. मला आवडतं, मला जमतं, मला सुचतं, मला थंडी वाजते. इंग्रजीत या सगळ्यात ‘मी’ येतो. जर्मनमध्ये ‘मीर’ म्हणजे मला: एस गेफेल्ट मीर, एस गेलिंग्ट मीर, मीर फेल्ट आइन, मीर इस्ट काल्ट. ज्यांना ‘मी थंड आहे’ असं लिहायची सवय लागते त्यांचं वाक्य चुकतं, आणि अर्थही भलताच होतो. शब्दांच्या वहीत मी ‘मला-वाली क्रियापदं’ असं एक पान केलं होतं, ते पान शेवटपर्यंत सगळ्यात जास्त उपयोगी पडलं.

दुसऱ्याने सांगितलेली गोष्ट आपण त्याची जबाबदारी न घेता सांगतो तेव्हा मराठीत शेवटी ‘म्हणे’ लावतो. तो आजारी आहे म्हणे. जर्मनमध्ये यासाठी क्रियापदाचं वेगळं रूप आहे, कोन्युंक्टिफ एक, ‘एर झाय क्रांक’. बातम्यांमध्ये मंत्र्याचं बोलणं सांगताना हेच वापरतात. शिक्षक तासभर फळ्यावर समजावत होते, मला ‘म्हणे’ आठवलं आणि डोक्यात प्रकाश पडला.

तसंच ‘डोख’ आणि ‘माल’ या छोट्या शब्दांचं. कोम डोख म्हणजे ये की. शाउ माल म्हणजे बघ जरा. आणि कुणी विचारलं, तू येत नाहीस का, तर ‘डोख!’ म्हणजे येतेय की! तोंडी परीक्षेत हे सहज आले तर बोलणं एकदम जिवंत वाटतं.

आणि वरच्या मार्कांसाठी जी लांबलचक विशेषणं लागतात, ‘दी इन डेन लेत्स्टेन यारेन गेश्टीगेने त्साल’, ती बघून घाबरू नका, ती म्हणजे ‘गेल्या काही वर्षांत वाढलेली संख्या’. आपण अशी वाक्यं पेपरात रोज वाचतो.

आकडेही बघा. पंचवीसमध्ये पाच आधी, वीस नंतर, ‘फ्युन्फउंडत्स्वान्त्सिश’ तसंच. ऐकण्याच्या पेपरात इंग्रज मुलं ५२ आणि २५ मध्ये गोंधळतात, मराठीतून ऐकलंत तर गोंधळ कमी होतो. फक्त ‘एकोण’वाल्यांपासून सावध, एकोणनव्वद जर्मनमध्ये नऊ आणि ऐंशी असंच येतं. वेळ सांगताना ‘हाल्ब फीअर’ म्हणजे साडेचार नाही तर साडेतीन, चारच्या दिशेने अर्धा गेला असा हिशोब, हे मात्र पाठच करा. दीडला त्यांच्याकडेही स्वतंत्र शब्द आहे, ‘आंडर्टहाल्ब’.

४. लिंग मात्र मराठीतून आणायचं नाही

आपल्याकडे तो, ती, ते आहे, त्यांच्याकडे डेर, दी, दास. त्यामुळे निर्जीव वस्तूला लिंग का असतं हा प्रश्न आपल्याला पडत नाही, हा फायदा. पण सापळा असा की आपण नकळत मराठीचं लिंग लावतो. सूर्य आपल्याकडे तो, तिकडे ‘दी झोन’, ती. चंद्र दोन्हीकडे तो. मुलगी आपली ती, तिकडे ‘दास मेडशेन’, ते. म्हणून शब्द कधीही एकटा लिहायचा नाही, आर्टिकल आणि अनेकवचनासकट लिहायचा, मी तीन रंगाची पेनं ठेवली होती. शेवट बघून बरंच ओळखता येतं: उंग, हाइट, काइट, शाफ्ट असेल तर ती. शेन आणि लाइन असेल तर ते. इस्मुस असेल तर तो. ए-लेव्हलचे निम्मे जड शब्द याच शेवटांचे असतात, त्यामुळे एवढ्यावर खूप काम होतं.

विभक्ती आपल्याला नवीन नाही. विशेषणांची शेपटं रोज पाच वाक्यं करून बसवा, दुसरा मार्ग मला सापडला नाही.

आणखी एक, स्वरांवरची दोन टिंबं, म्हणजे उमलाउट. ‘वुर्डे’ म्हणजे झालं, ‘व्यूर्डे’ म्हणजे झालं असतं. ‘कोन्टे’ म्हणजे करू शकलो, त्यावर टिंबं दिली की ‘करू शकलो असतो’. घाईत टिंबं राहिली तर अर्थच बदलतो. टिंबंवाल्या स्वरांच्या उच्चारासाठी ओठ ‘ऊ’चे करून आतून ‘ई’ म्हणायचं, आणि ओठ ‘ओ’चे करून आतून ‘ए’. जर्मन झेड हा चाकातला च आहे, चहातला नाही.

५. संस्कृतीच्या विषयांना प्रत्येकी एकच पान

एक्यूएमध्ये पहिल्या वर्षी बदलतं कुटुंब, डिजिटल जग, तरुणांची फॅशन-संगीत-टीव्ही, सण आणि परंपरा, कला आणि वास्तुकला, बर्लिनचं सांस्कृतिक जीवन. दुसऱ्या वर्षी स्थलांतर, एकत्र राहणं, वंशभेद, जर्मनी आणि युरोपियन युनियन, राजकारण आणि तरुण, आणि पुन्हा एक झालेला जर्मनी. बारा विषय, बारा पानं. प्रत्येक पानावर तीन-चार तारखा, एखादं माणूस किंवा संस्था, आणि लोकांचं ज्यावर एकमत नाही असा एक मुद्दा. यापेक्षा जास्त लिहिलंत तर परीक्षेआधी वाचून होत नाही.

स्थलांतराचं माझं पान असं होतं. पश्चिम जर्मनीने कामगार आणण्यासाठी इटलीशी करार केला १९५५ ला, तुर्कस्तानशी ऑक्टोबर १९६१ ला. आता याच्या शेजारी बर्लिनच्या भिंतीची तारीख ठेवा, १३ ऑगस्ट १९६१. पूर्वेकडून येणारी माणसं भिंतीमुळे एकदम थांबली आणि कारखान्यांना हात हवे होते. दोन वेगळ्या धड्यांतल्या तारखा अशा शेजारी ठेवल्या की उत्तर पाठ केल्यासारखं वाटत नाही. पुढे १९७३ ला भरती बंद झाली, पण माणसं राहिली, घरच्यांना बोलावून घेतलं. ‘गास्टआर्बाइटर’ म्हणजे पाहुणा कामगार, पाहुणा म्हणजे जाणारा, आणि हे तर जाणार नव्हते, या एका शब्दावरच तोंडीत दोन मिनिटं बोलता येतं. २००० पासून जर्मनीत जन्मलेल्या परदेशी पालकांच्या मुलांना काही अटींवर नागरिकत्व मिळायला लागलं, आणि २०२४ पासून जर्मन होताना जुनं नागरिकत्व सोडावं लागत नाही. आपल्या घरातही पासपोर्टवर चर्चा झालेल्या असतात, त्यामुळे हा विषय मला जवळचा वाटला आणि तो जवळचा वाटणं बोलण्यात उतरतं.

एकीकरणाचं पान तारखांनी भरतं. ९ नोव्हेंबर १९८९ ला संध्याकाळच्या पत्रकार परिषदेत पूर्व जर्मनीच्या सत्ताधारी पक्षाचे ग्युंटर शाबोव्स्की यांनी प्रवासाच्या नव्या नियमाचा कागद वाचला, पत्रकाराने विचारलं कधीपासून, आणि त्यांनी कागद चाळत सांगितलं ‘झोफॉर्ट, उनफेर्त्स्युगलिश’, ताबडतोब, विनाविलंब. नियम खरं तर दुसऱ्या दिवसापासून होता. लोक टीव्हीवर ऐकून सीमेवर जमले आणि त्याच रात्री फाटकं उघडली. एकीकरण ३ ऑक्टोबर १९९० ला झालं आणि सुट्टीही त्याच दिवशी असते. ९ नोव्हेंबरला का नाही, हा प्रश्न परीक्षकांना आवडतो: १९३८ मध्ये त्याच तारखेला ज्यूंची प्रार्थनास्थळं आणि दुकानं जाळली-फोडली होती, त्या दिवशी आनंदोत्सव कसा करणार. त्यानंतर पूर्वेकडचे सरकारी कारखाने विकणारी ‘ट्रॉयहांड’, गेलेल्या नोकऱ्या, आणि जुन्या दिवसांची हुरहूर, ‘ओस्टाल्गी’.

इथला नेहमीचा सापळा म्हणजे सगळं फक्त जर्मनीवर लिहिणं. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडही येऊ द्या. ऑस्ट्रियात २००७ पासून १६ व्या वर्षी मतदान करता येतं, जर्मनीत संसदेसाठी १८ लागतात पण २०२४ च्या युरोपियन निवडणुकीत १६ वर्षांच्यांनी मत दिलं. स्वित्झर्लंडमध्ये बायकांना देशपातळीवर मताचा हक्क १९७१ ला मिळाला, आणि तो देश युरोपियन युनियनमध्ये नाही. दुसरा सापळा, इंग्लंडबद्दल किंवा जगाबद्दल मोघम बोलणं. ‘सोशल मीडिया तरुणांना वाईट’ हे कुठल्याही देशाबद्दल म्हणता येतं, त्याला संस्कृतीचे मार्क मिळत नाहीत.

६. रोज पंधरा मिनिटं कान

डॉयचे वेलेवर ‘लांगझाम गेश्प्रोखेने नाखरिश्टेन’ म्हणजे हळू वाचलेल्या बातम्या असतात, बरोबर मजकूरही असतो. आधी न वाचता ऐका, मग वाचत ऐका, मग परत न वाचता. दोन महिन्यांनी मुलांसाठीचं ‘लोगो’ बातमीपत्र, आणि दुसऱ्या वर्षी रात्री आठचं ‘टागेसशाउ’. रविवारी दोन तास बसण्यापेक्षा रोज बसमध्ये पंधरा मिनिटं जास्त लागू पडतं. सबटायटल लावायचेच तर जर्मन लावा.

७. पुस्तक आणि सिनेमा

एक पुस्तक आणि एक सिनेमा, किंवा दोन पुस्तकं, दोन सिनेमे चालत नाहीत. परीक्षेत पुस्तक जवळ नसतं आणि डिक्शनरीही नसते. प्रत्येकावर साधारण ३०० शब्दांचा निबंध.

आम्हाला ड्युरेनमाट यांचं १९५६ चं ‘डेर बेझूख डेर आल्टेन दामे’ (म्हाताऱ्या बाईंची भेट) हे नाटक होतं, त्यात एक श्रीमंत म्हातारी गरीब गावाला इल नावाच्या माणसाच्या मरणाच्या बदल्यात पैसे देऊ करते. मी पहिले चार निबंध गोष्ट सांगण्यात घालवले आणि चारही परत आले. शेवटी शिक्षकांनी सांगितलं की गोष्ट परीक्षकाला माहीत आहे, तू एक वस्तू धर. मी पिवळे बूट धरले. गावातल्या गरीब लोकांच्या पायात अचानक नवे पिवळे बूट दिसायला लागतात, सगळे उधारीवर घेतलेले, आणि दुकानदार इलला ते बघून कळतं की ही माणसं त्याच्या मरणाच्या पैशावर उधारी करतायत. तोंडाने सगळे त्याच्या बाजूचे, पाय मात्र दुसरंच सांगतायत. या एका वस्तूवरून लोभ, समूहाचा अपराध, ढोंग सगळ्यावर लिहिता येतं. तेव्हापासून प्रत्येक प्रश्नाला मी असंच केलं, तीन मुद्दे, प्रत्येकाला एक बघितलेली ठोस गोष्ट, आणि त्यातून काय कळतं. सिनेमात वस्तूबरोबर कॅमेरा, आवाज, रंग यांचेही शब्द जर्मनमध्ये तयार ठेवा, नाहीतर तो निबंध पुस्तकासारखाच होतो.

८. स्वतःचा रिसर्च प्रोजेक्ट

तोंडी परीक्षेचा मोठा भाग याचाच. आधी दोन मिनिटं तुम्ही सांगायचं, मग नऊ-दहा मिनिटं प्रश्न. विषय तुमचा, पण जर्मन बोलणाऱ्या देशाशी जोडलेला हवा, आणि वर्गातल्या दुसऱ्या कुणाचा तोच नको. फॉर्मवर विषय, मुद्दे आणि निदान दोन सोर्स लिहायचे, त्यातला एक इंटरनेटवरचा.

मी आधी हवामान बदल घेतला होता. डिसेंबरपर्यंत पन्नास पानं वाचली आणि माझ्या लक्षात आलं की त्यातलं जर्मनीचं असं माझ्याकडे काहीच नाही, आणि मतभेद कशावर आहे तेही धड सांगता येत नाही. जानेवारीत विषय बदलला, ते दोन आठवडे फार वाईट गेले. मग घेतला ‘श्टोल्परश्टाइने’, म्हणजे ठेच लागणारे दगड. नाझींनी ज्यांना घरातून नेलं त्यांच्या शेवटच्या राहत्या घरासमोर फूटपाथमध्ये बसवलेली साधारण दहा सेंटिमीटरची पितळी पाटी, वर बहुतेक वेळा ‘हीअर वोन्टे’, इथे राहत होते, मग नाव, जन्मसाल, कुठे नेलं, काय झालं. कलाकार गुंटर डेमनिग यांनी १९९२ मध्ये कोलोनमध्ये पहिला दगड बसवला आणि २०२३ पर्यंत एक लाखाच्या वर झाले. आणि इथे खरा वाद आहे: म्युनिकमध्ये सार्वजनिक फूटपाथवर परवानगी नाही, कारण मेलेल्यांची नावं पायाखाली येणं काहींना अपमान वाटतं, तर दुसरे म्हणतात की वाचायला माणूस खाली वाकतो, तेच त्या नावापुढे झुकणं आहे. माझी दहा मिनिटं यावरच गेली आणि पुरली नाहीत.

म्हणून विषय निवडताना तीन गोष्टी तपासा: एका वाक्यात प्रश्न म्हणून मांडता येतो का, दोन्ही बाजूंची खरी माणसं आहेत का, आणि जर्मनमधलं वाचायला मिळतं का. फुटबॉल, गाड्या, हिटलर असे नुसते मोठे शब्द घेऊ नका. प्रेझेंटेशन पाठ करून घडाघडा म्हणू नका, प्रश्न आला की तुमचा वेग एकदम पडतो आणि पाठांतर उघडं पडतं.

९. सारांश आणि भाषांतर

सारांशाला ९० शब्दांची मर्यादा असते, त्यापुढचं वाचलं जात नाही असंच समजा. मजकुरातलं वाक्य उचलायचं नाही, नामाचं क्रियापद करा, क्रियापदाचं नाम करा, वाक्य आपोआप तुमचं होतं. भाषांतराचे उतारे दोन्ही बाजूंचे येतात. जर्मन करताना इंग्रजी वाक्य आधी मनात मराठीत म्हणून बघा, मग लिहा, आणि शेवटी चार गोष्टींसाठी परत वाचा: क्रियापदाची जागा, लिंग, टिंबं, नामाचं पहिलं अक्षर मोठं.

१०. तोंडी परीक्षेचा दिवस

ती लेखीच्या आधी, साधारण एप्रिल-मेमध्ये होते, हे कॅलेंडरवर मोठं लिहा कारण बाकी सगळे जूनच्या तयारीत असतात. दोन कार्डं मिळतात, एक निवडायचं, तयारीला पाच मिनिटं. पूर्ण वाक्यं लिहीत बसू नका, कार्डावरच्या विषयाचं तुमचं एक पान आठवा आणि त्यातल्या दोन तारखा, एक नाव कागदावर टाका, तो कागद बघता येतो. परीक्षकालाही तुम्ही प्रश्न विचारायचे असतात, ते मुलं हमखास विसरतात, म्हणून कागदाच्या वरच प्रश्नचिन्ह काढून ठेवा. शिक्षक रोजचे असले तरी ‘झी’ म्हणायचं, म्हणजे तुम्ही, ‘डू’ नाही. आपल्याला बाईंना अरे-तुरे करायची सवयच नसते त्यामुळे हे जड जात नाही.

शब्द अडला तर इंग्रजी तोंडातून येऊ देऊ नका. ‘वी झाग्ट मान’ म्हणजे काय म्हणतात ते, किंवा ‘दा मुस इश कुर्त्स नाखडेंकेन’, जरा विचार करावा लागेल, ही दोन वाक्यं महिनाभर आधीपासून घरी मोठ्याने म्हणा. माझी आई भाजी निवडता निवडता मला मराठीत प्रश्न विचारायची आणि मी जर्मनमध्ये उत्तर द्यायचे, तिला एक अक्षर कळायचं नाही, पण मी अडखळले की तिला बरोबर कळायचं, आणि ती तोच प्रश्न परत विचारायची.